शेताचा नकाशा एकदाच काढा: लिबरऑफिस ड्रॉमधलं मास्टर पान आणि लेअर

अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात मी ठिबकचे आराखडे काढून देते. मोसंबीच्या बागा, कपाशी, आणि अलीकडे बरंचसं शेततळ्यावरचं काम. पहिल्या हंगामात मी एकाच शेताचे तीन नकाशे काढायचे. एक शेतकऱ्याला, एक फिटरला, एक दुकानात माल काढायला. तिन्ही वेगळ्या फायली. एका शेतात विजेचा खांब आडवा आला म्हणून सबमेनचा, म्हणजे मुख्य पाइपमधून लॅटरलकडे पाणी नेणाऱ्या पाइपचा, व्हॉल्व्ह वीस मीटर सरकवावा लागला. दोन फायलींत मी तो सरकवला, तिसऱ्या फायलीत राहून गेला. ती तिसरी फाइल नेमकी फिटरच्या हातात होती. काळ्या जमिनीत टिकावानं खणलेली चारी बुजवून दुसरी खणावी लागली, आणि त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची यावर बांधावर उभं राहून बोलणं झालं.

त्यानंतर मी मास्टर पान आणि लेअर नीट शिकले. दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होत्या, मला त्यांचा उपयोग कळलेला नव्हता. तुम्ही ठिबकवाले असा, गावच्या नळयोजनेचा नकाशा काढणारे असा, की कारखान्यात प्रक्रियेच्या आकृत्या काढणारे असा, पद्धत हीच आहे. उदाहरण मात्र मी शेताचंच घेते, कारण मला ते येतं.

आधी दोन शब्द समजून घ्या. मास्टर पान म्हणजे साचा. त्यावर जे काढाल ते त्याला जोडलेल्या प्रत्येक पानावर आपोआप दिसतं: चौकट, दुकानाचं नाव, उत्तर दिशेचा बाण. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एकावर हद्द, एकावर पाइप, एकावर मापं. हवा तो कागद दाखवायचा, नको तो लपवायचा. जे प्रत्येक नकाशावर सारखंच राहणार ते मास्टरवर जातं. जे बघणाऱ्या माणसागणिक बदलणार ते लेअरवर जातं. एवढी वाटणी पक्की झाली की उरलेलं काम हाताच्या सवयीचं आहे.

## काय काय लागेल

- लिबरऑफिस. फुकट आहे, आणि त्यातच ‘ड्रॉ’ येतं. साधा जुना लॅपटॉपही पुरतो.
- सातबारा आणि गटनकाशा. क्षेत्र सातबाऱ्यावरूनच घ्या, तोंडी ‘चार एकर’वर जाऊ नका.
- ३० किंवा ५० मीटरची टेप आणि बरोबर एक माणूस.
- सेंटिमीटरची साधी पट्टी. प्रिंट तपासायला ती रोज लागते.
- वही. पहिली पायरी वहीतच आहे.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो. १ हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे १०,००० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच भरतात, म्हणून बोलताना सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरला जातो. नकाशावर मात्र मीटरच ठेवा.

## १. संगणक उघडायच्या आधी वहीत दोन याद्या करा

पहिली यादी: प्रत्येक नकाशावर काय सारखं असतं? माझी यादी अशी झाली: चौकट, दुकानाचं नाव-फोन, उत्तर दिशा, मोजपट्टी, चिन्हांचा अर्थ, पान क्रमांक.

दुसरी यादी: हा नकाशा कोण कोण बघणार, आणि प्रत्येकाला काय बघायचंय? ही यादी मी बांधावरच शिकले. एका आजोबांसमोर मी सगळं भरलेला नकाशा उलगडला तेव्हा ते म्हणाले, “ताई, एवढं सगळं कशाला दाखवायलाव? पाइप कुठून जायला तेवढं सांगा.” त्यांना हद्द, विहीर, मुख्य पाइप आणि व्हॉल्व्ह एवढंच हवं होतं. फिटरला त्याशिवाय प्रत्येक तुकड्याचं माप लागतं. दुकानातल्या मुलाला लॅटरलची (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीची) लांबी आणि झाडांची संख्या पुरते, बांध कुठे आहे याच्याशी त्याला घेणं नाही.

दुसऱ्या यादीतूनच लेअरची नावं निघतात. ही यादी न करता लेअर पाडायला बसलात, तर ‘लेअर ४’, ‘लेअर ५’ अशी नावं पडतात आणि महिन्याभरानं त्यात काय आहे ते तुम्हालाही आठवत नाही.

## २. पान आणि प्रमाण ठरवा

ड्रॉ उघडा. ‘पेज’ मेनूत ‘पेज प्रॉपर्टीज’. ए४, आडवं, चारी बाजूंना १ सेंटिमीटर समास.

प्रमाण मी एकच ठेवते: कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे शेतातले १० मीटर, म्हणजे १:१०००. आडव्या ए४ वर समास सोडून २७.७ गुणिले १९ सेंटिमीटर जागा उरते. खाली ३ सेंटिमीटरची माहितीची पट्टी धरली तर चित्राला २७.७ गुणिले १६ सेंटिमीटर, म्हणजे शेतातले २७७ गुणिले १६० मीटर. आमच्याकडची बहुतेक शेतं यात बसतात. १ हेक्टर ६० आरचं, १६० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद शेत कागदावर १६ गुणिले १० सेंटिमीटरचं होतं. लांबोडकं शेत असेल तर ए३ घ्या, पण प्रमाण बदलू नका. एका नकाशावर १० मीटर आणि दुसऱ्यावर २० मीटर असं झालं की फिटरचा अंदाज चुकतो, आणि त्याची चूक नसताना चुकतो.

आता ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लिबरऑफिस ड्रॉ’, ‘ग्रिड’ इथे जाऊन जाळी १ सेंटिमीटरची करा आणि ‘स्नॅप टू ग्रिड’ चालू करा. प्रत्येक चौकोन म्हणजे शेतातले दहा मीटर. डोळ्यालाच अंतर कळायला लागतं.

तिथेच आहात तर आणखी एक करून घ्या. ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’मध्ये ऑटोरिकव्हरीची वेळ पाच मिनिटांवर आणा. आपल्याकडे लाइट सांगून जात नाही.

## ३. मास्टर पान बांधा

‘व्ह्यू’ मेनूत ‘मास्टर’ निवडा. दिसायला पान तेच वाटेल, पण आता तुम्ही साच्यावर आहात. इथे काढलेली रेघ सगळ्या पानांवर जाणार.

माझ्या मास्टरवर हे आहे:

चौकट आणि खालची पट्टी. पट्टीत रकाने पाडलेत: शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र, पीक, तारीख. रकाने आणि त्यांची शीर्षकं मास्टरवर. आतला मजकूर मास्टरवर लिहायचा नाही. नव्या माणसाचा पाय हमखास इथेच घसरतो. दोन भावांच्या लागून असलेल्या शेतांचे नकाशे मी एकाच फायलीत दोन पानांवर केले आणि थोरल्याचं नाव मास्टरवरच टाइप केलं. दोन्ही पानांवर थोरल्याचंच नाव छापून गेलं. वाटणी नुकतीच झालेली होती. तो कागद घेऊन धाकटा भाऊ दुकानात आला तेव्हा मला त्याच्याशी बोलायला शब्द सुचेना. नाव ही बदलणारी गोष्ट, ती पानावरच लिहायची. मास्टरवर फक्त रिकामा रकाना.

मोजपट्टी. बरोबर ५ सेंटिमीटरची आडवी रेघ, दर सेंटिमीटरला खूण, खाली ० ते ५० मीटर. नुसतं ‘१:१०००’ लिहून भागत नाही, कारण झेरॉक्सवाल्यानं कागदात बसवण्यासाठी नकाशा थोडा लहान केला की तो आकडा खोटा ठरतो. मोजपट्टी मात्र नकाशाबरोबर लहान होते, त्यामुळे ती खरंच सांगते.

चिन्हांचा खुलासा. विहीर, बोअर, शेततळं, फिल्टर, बॉल व्हॉल्व्ह, फ्लश व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह. मुख्य पाइपला जाड रेघ, सबमेनला मध्यम, लॅटरलला बारीक. फक्त रंगावर अवलंबून राहू नका. बहुतेक प्रती शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सच असतात.

पान क्रमांक आणि एकूण पानं. ‘इन्सर्ट’, ‘फील्ड’मधून ‘पेज नंबर’ आणि ‘पेज काउंट’ घ्या. हे आकडे आपोआप बदलतात. हातानं ‘पान १’ लिहाल तर सगळ्या पानांवर ‘पान १’च येईल.

याच फील्डच्या यादीत तारीखही आहे, आणि ती दोन प्रकारची आहे: ‘फिक्स्ड’ आणि ‘व्हेरिएबल’. व्हेरिएबल तारीख फाइल उघडाल त्या दिवसाची होते. मागच्या वर्षीचा नकाशा आज उघडून छापला तर त्यावर आजची तारीख येते, आणि तो नवा आहे असं वाचणारा धरून चालतो. नकाशाची तारीख म्हणजे मोजणीची तारीख. ती पानावर, हातानं.

झालं की ‘क्लोज मास्टर व्ह्यू’ करा, नाहीतर ‘व्ह्यू’मधून ‘नॉर्मल’वर या. आता चौकटीवर क्लिक करून बघा. ती निवडली जात नाही. सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून घाबरू नका, ते असंच हवं. मास्टरवरची गोष्ट मास्टरवर जाऊनच बदलता येते. त्यामुळेच तर काम करताना चुकून चौकट हलत नाही.

एका फायलीत दोन मास्टरही ठेवता येतात. मास्टर व्ह्यूमध्ये असताना ‘पेज’ मेनूतून नवा मास्टर घ्या आणि डावीकडच्या पट्टीत त्याला नाव द्या. मग साध्या व्ह्यूमध्ये येऊन काहीही निवडलेलं नसताना उजवीकडच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये त्या पानाला कोणता मास्टर लावायचा ते ठरवा. माझ्याकडे एक मास्टर नकाशाचा आहे आणि एक मालाच्या यादीचा. सुरुवातीला मात्र एकच ठेवा.

## ४. मराठी अक्षरांची सोय आत्ताच लावा

पुढे गेल्यावर हे करणं त्रासाचं होतं, म्हणून इथेच थांबवते.

ड्रॉमध्ये रोमन अक्षरांचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा. वरच्या पट्टीत फॉन्ट बदलून मराठी अक्षरं जशीच्या तशी राहिली तर कारण हेच आहे. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण करा. मग ‘फॉरमॅट’, ‘कॅरेक्टर’मध्ये देवनागरीच्या फॉन्टचा वेगळा रकाना दिसतो. तिथे मंगल, निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी असा युनिकोड फॉन्ट ठेवा.

कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप करायची सवय असेल तर नकाशासाठी ती बाजूला ठेवा. ज्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तिथे गावाचं नाव रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतं. युनिकोडमध्ये फॉन्ट बदलला तरी अक्षर वाचता येतं. शिवाय फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली जाणार असेल तर ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट’ इथे फॉन्ट फायलीतच बसवायची सोय आहे.

## ५. लेअर पाडा

ड्रॉमध्ये चित्राच्या खालच्या बाजूला तीन टॅब आधीच असतात: ‘लेआउट’, ‘कंट्रोल्स’, ‘डायमेन्शन लाइन्स’. हे तीन लेअर पुसता येत नाहीत, त्यांची नावंही बदलत नाहीत. ते राहू द्या. टॅबवर उजवं क्लिक करून ‘इन्सर्ट लेअर’ म्हणा आणि आपले पाडा.

माझे सात आहेत: तळपट, हद्द, पाणी, मुख्य पाइप, लॅटरल, झाडे, नावे. मापांसाठी आधीचाच ‘डायमेन्शन लाइन्स’ वापरते.

प्रत्येक लेअरला तीन खुणा असतात: व्हिजिबल, प्रिंटेबल, लॉक्ड. नीट समजून घ्यायच्या त्या याच.

*व्हिजिबल* काढलं की लेअर पडद्यावरून जातो, आणि न दिसणारा लेअर छापलाही जात नाही. लपवलेल्या लेअरचं नाव टॅबवर निळं दिसतं. काही गायब झालंय असं वाटलं तर आधी निळं नाव शोधा.

*प्रिंटेबल* काढलं पण व्हिजिबल ठेवलं, तर लेअर पडद्यावर दिसतो, कागदावर येत नाही. माझा ‘तळपट’ लेअर असाच आहे. त्यावर गटनकाशाचा फोटो किंवा उपग्रहाचं चित्र ठेवते. शेताची एक बाजू टेपनं मोजलेली असते, समजा १६० मीटर. त्या बाजूची लांबी पडद्यावर १६ सेंटिमीटर होईपर्यंत फोटो लहान-मोठा करते, आणि मग त्यावरून हद्द गिरवते. फोटो लहान-मोठा करताना लांबी-रुंदी एकाच प्रमाणात बदलतेय ना ते बघा, नाहीतर तो एका बाजूनं ताणला जाऊन शेताचा आकारच बदलेल.

*लॉक्ड* केलं की त्या लेअरवरचं काहीच निवडता येत नाही. हद्द एकदा पक्की झाली की मी तिला कुलूप घालते. पाइप ओढताना बांध सरकला, असं मग होत नाही.

ड्रॉमध्ये लेअरची यादी सगळ्या फायलीला एकच असते. पान दोनसाठी वेगळे लेअर पाडता येत नाहीत. म्हणून एका फायलीत एकाच प्रकारचं काम ठेवा.

## ६. साचा म्हणून जपून ठेवा

लेअर पाडून झाले, पान अजून कोरं आहे. ही साच्याची योग्य वेळ. ‘फाइल’, ‘टेम्प्लेट्स’, ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’. नाव द्या, प्रकार निवडा. पुढच्या वेळी कंट्रोल + शिफ्ट + एन दाबून तो साचा उघडायचा. चौकट, चिन्हं आणि सगळे लेअर तयार असलेलं नवं कोरं पान मिळतं आणि मूळ साचा जसाच्या तसा राहतो.

दुकानात दोघं-तिघं काम करत असतील तर साच्याची फाइल सगळ्यांना दिसणाऱ्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक संगणकावर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘पाथ्स’मध्ये टेम्प्लेट्सच्या ओळीत तो फोल्डर जोडा. साचा बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे असू द्या. आमच्याकडे तो माझ्याकडे आहे. बाकीच्यांना बदल सुचला तर ते वहीत लिहून ठेवतात.

आता एक मोठा गैरसमज. साचा बदलला म्हणून आधी काढलेले नकाशे बदलत नाहीत. प्रत्येक फायलीत मास्टरची स्वतःची प्रत गेलेली असते. दुकानाचा फोन नंबर बदलला तेव्हा मी साच्यात तो बदलून निवांत झाले, आणि जुन्या फायलींतून छापलेल्या प्रतींवर बंद पडलेला नंबर जात राहिला.

यावर एक उपाय मी वापरते. दुकानाचं नाव, पत्ता, फोन यांची पट्टी चित्र म्हणून वेगळी ठेवलीय. मास्टरवर ती ‘इन्सर्ट’, ‘इमेज’मधून घालताना खाली ‘लिंक’ची खूण आहे, ती करते. मग चित्र फायलीत साठत नाही, फक्त त्याचा पत्ता राहतो. चित्र बदललं की जुना नकाशा पुढच्या वेळी उघडल्यावर त्यात नवी पट्टी येते. याची अडचणही आहे. चित्राची जागा किंवा नाव बदललं, किंवा नुसती ड्रॉची फाइल दुसऱ्याला पाठवली, तर पट्टीच्या जागी रिकामी चौकट राहते. बाहेर पाठवताना पीडीएफच पाठवा.

## ७. काढायला बसा

प्रत्येक रेघेआधी खालच्या टॅबकडे बघा. जो टॅब निवडलेला असेल त्याच लेअरवर रेघ पडते. पहिले काही दिवस सगळंच ‘लेआउट’वर जातं. माझंही गेलं.

चुकीच्या लेअरवर गेलेली गोष्ट हलवायची असेल तर ती निवडा, माउसचं बटण दाबून धरा, तिच्या कडा लुकलुकायला लागल्या की तशीच ओढत नेऊन योग्य टॅबच्या नावावर सोडा. दोन-तीनदा हातातून सुटेल, मग जमतं.

झाडं एकेक काढत बसू नका. आपल्या १६० गुणिले १०० मीटरच्या शेतात मोसंबी ६ गुणिले ६ मीटरवर लावायचीय आणि चारी बाजूंना बांधापासून ५ मीटर सोडायचेत असं धरा. ६ मीटर म्हणजे कागदावर ०.६ सेंटिमीटर. ‘झाडे’ टॅब निवडा, कोपऱ्यात एक लहान गोल काढा, तो निवडलेला असताना शिफ्ट + एफ३ दाबा. ‘डुप्लिकेट’ची खिडकी येते. प्रती २५, आडवं अंतर ०.६ सेंटिमीटर, उभं अंतर शून्य. एका ओळीत २६ झाडं झाली. ओळ निवडून ग्रुप करा, पुन्हा शिफ्ट + एफ३, प्रती १५, आडवं शून्य, उभं ०.६. सोळा ओळी, ४१६ झाडं, दोन मिनिटांत. सोळा ओळींना प्रत्येकी १५० मीटर धरून लॅटरल २,४०० मीटर. दुकानातल्या मुलाला हाच आकडा हवा असतो.

ग्रुप करताना एक पथ्य पाळा. एका ग्रुपमध्ये एकाच लेअरच्या गोष्टी. व्हॉल्व्ह आणि त्याचं माप एकत्र बांधून ठेवलं, तर शेतकऱ्याच्या प्रतीसाठी मापं लपवायची वेळ आली की तो ग्रुप सोडवत बसावं लागतं.

आणखी एका गोष्टीनं मला बराच काळ छळलं. ड्रॉमध्ये लेअरचा क्रम आणि वर-खालीचा क्रम यांचा संबंध नाही. ‘तळपट’ नाव दिलं म्हणून फोटो आपोआप तळाला जात नाही. जी गोष्ट नंतर काढली ती वर येते, मग ती कुठल्याही लेअरवर असो. फक्त ‘कंट्रोल्स’ लेअर नेहमी सगळ्यांच्या वर असतो. फोटो मागाहून घातला आणि पाइप झाकले गेले, तर फोटो निवडून ‘शेप’, ‘अरेंज’मधून ‘सेंड टू बॅक’ करा.

मापाची रेघ डीफॉल्ट कागदावरचं अंतर दाखवते. १६० मीटरच्या बाजूवर ती १६ सेंटिमीटर म्हणेल. फिटरला ‘सेंमीला दहानं गुणा’ असं सांगून ठेवू नका, घाईत कुणी गुणत नाही. त्याच ‘डायमेन्शन लाइन्स’ लेअरवर मीटरचा आकडा स्पष्ट लिहा.

## ८. एकाच फायलीतून तीन प्रती काढा

शेतकऱ्याची प्रत: हद्द, पाणी, मुख्य पाइप, नावे. बाकी लपवा. ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मधून पीडीएफ करा.

फिटरची प्रत: झाडं सोडून सगळं. झाडांचे ४१६ गोल त्याला मापं वाचताना आड येतात.

दुकानाची प्रत: मुख्य पाइप, लॅटरल, झाडे.

पीडीएफच्या नावात गट क्रमांक, कुणाची प्रत आणि तारीख येऊ द्या. ‘नकाशा-नवीन-फायनल-२’ असलं नाव ठेवू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पडद्याचा फोटो काढून पाठवला की बारीक आकडे पुसट होतात आणि ६० चे ८० वाचले जातात. छापताना झेरॉक्सवाल्याला ‘अ‍ॅक्चुअल साइज’ किंवा शंभर टक्के असं सांगा, ‘फिट टू पेज’ नको. कागद हातात आला की पट्टी काढा आणि मोजपट्टी मोजा. ५ सेंटिमीटर भरली पाहिजे. ४.८ भरली तर तो कागद परत द्या. काउंटरवर दोन मिनिटं उभं राहायला लाजू नका.

दुरुस्ती आली तर फक्त मूळ फायलीत करा आणि तिन्ही पीडीएफ पुन्हा काढा. एकच पीडीएफ बदलून दिली की आपण पुन्हा माझ्या पहिल्या हंगामात पोचलो.

## ९. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

व्हिजिओ. मास्टर पानाचं काम तिथे ‘बॅकग्राउंड पेज’ करतं. ‘इन्सर्ट’, ‘न्यू पेज’मधून ते घ्या, मग आपल्या पानाच्या ‘पेज सेटअप’मध्ये ‘पेज प्रॉपर्टीज’वर जाऊन बॅकग्राउंड म्हणून त्याचं नाव निवडा. एका पानाला एकच बॅकग्राउंड लागतं, पण त्या बॅकग्राउंडला स्वतःचं आणखी एक बॅकग्राउंड देता येतं. चौकट एकावर आणि चिन्हांचा खुलासा दुसऱ्यावर, अशी साखळी जमते. दोन्ही पानांचा आकार सारखा ठेवा. व्हिजिओत ‘मास्टर’ हा शब्द स्टेन्सिलमधल्या, म्हणजे तयार आकारांच्या संचातल्या, आकारासाठी आहे, त्यामुळे फसू नका. लेअर ‘होम’ टॅबवर मिळतात. ते प्रत्येक पानाचे वेगळे असतात, आणि एकच आकार दोन लेअरमध्ये असू शकतो.

ड्रॉ डॉट आयओ. कंट्रोल + शिफ्ट + एलनं लेअरची खिडकी उघडते. इथेही लेअर पानापानाचे वेगळे. लिबरऑफिसच्या उलट, इथे यादीत वरचा लेअर खरोखरच वर असतो. साच्यासाठी ‘पेज सेटअप’मध्ये बॅकग्राउंड म्हणून त्याच फायलीतलं दुसरं पान लावता येतं. पान क्रमांक आपोआप हवा असेल तर ‘प्लेसहोल्डर्स’ची खूण चालू करावी लागते.

नवख्या माणसाला मी लिबरऑफिसच सांगते. इंटरनेटशिवाय चालतं, पैसे पडत नाहीत, आणि अडलं तर शेजारच्या सेतू केंद्रातल्या संगणकावरही घालून घेता येतं.

## १०. चारी बुजवण्याआधी आणखी एक लेअर

काम झाल्यावर पाइप कधीच तंतोतंत नकाशाप्रमाणे गेलेला नसतो. मध्ये दगड लागतो, जुना बोअर निघतो, लिंबाच्या झाडासाठी वळण घ्यावं लागतं. म्हणून चारी उघडी असतानाच मी टेप घेऊन जाते आणि ‘प्रत्यक्ष’ नावाच्या नव्या लेअरवर पाइप जिथून खरंच गेला ती रेघ काढते. दोन्ही टोकं आणि प्रत्येक वळण बांधापासून मोजते, झाडापासून नाही, कारण झाड तोडलं जाऊ शकतं. ‘मुख्य पाइप’ लेअर पुसत नाही, लपवते. काय ठरलं होतं आणि काय झालं, दोन्ही फायलीत राहतं.

या लेअरची एक प्रत लॅमिनेट करून विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत आतल्या बाजूनं चिकटवा. चार वर्षांनी नांगरट करायला ट्रॅक्टर येईल तेव्हा फाइल माझ्या लॅपटॉपवर असून उपयोग नाही. तो कागद शेतात असायला हवा.